बीएमआय २९ असताना शस्त्रक्रिया: जाहिरातीत न आलेली बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवर पानभर मजकूर आला होता आणि त्याच पानाच्या तळाशी एका रुग्णालयाची जाहिरात होती. ‘बीएमआय २७.५ च्या पुढे आहे? मग आजच नाव नोंदवा’, असे तिच्यात ठळक अक्षरांत लिहिले होते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ते पान दोन दिवस हातोहात फिरले आणि मधल्या सुट्टीत डबे उघडण्याआधी तिघीजणींनी मोबाइलवर आपापला बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) काढून पाहिला. तिघींचाही २७.५ च्या पुढे निघाला. त्यांनी मला विचारले, कारण दीड वर्षापूर्वी मी याच उंबरठ्यावरून परत आले होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांना जे सांगितले ते आपल्या वाचकांनाही सांगावे, म्हणून हे पत्र.

माझे वय ४६, उंची १५७ सेंटिमीटर आणि त्या वेळचे वजन ७२ किलो, म्हणजे बीएमआय २९.२. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी ६.१ आली होती. हा मधुमेह नव्हे, पण त्याच्या दारात उभे असल्याची खूण निश्चित. रक्तदाब ठीक होता. गुडघे जिना चढताना कुरकुरत, एवढेच. आमच्या नात्यात वजन वाढले की ‘तब्येत सुधारली’ म्हणणारी पिढी अजून हयात आहे आणि ‘किती सुटलीस गं’ म्हणणारी पिढीही आहे, त्यामुळे एकाच लग्नात दोन्ही शेरे ऐकावे लागतात. दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रयोग मी चार महिने केला, एकादशीला एकादशी जोडून पाहिली, एका जिमचे वर्षाचे पैसे भरून अकरा दिवस तिथे गेले. वजन चार किलो उतरायचे आणि दिवाळीनंतर पाच किलो चढायचे.

अशा मनःस्थितीत आमच्या सोसायटीच्या सभागृहात मोफत तपासणी शिबिर भरले. वजनकाट्यावर उभे राहिल्यावर यंत्रातून पावती आली, ती घेऊन एका टेबलापाशी बसवले गेले आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्या एका समुपदेशक मुलीने ‘मॅडम, तुम्ही क्रायटेरियात बसता’ असे अगदी अभिनंदनाच्या सुरात सांगितले. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, तीन दिवस दवाखाना, दहा दिवसांत शाळेत हजर. पॅकेज साडेतीन लाखांचे, बिनव्याजी हप्ते, आणि सवलत महिनाअखेरपर्यंत. डॉक्टर माझ्याशी चार मिनिटे बोलले. मी जवळपास हो म्हणून बसले होते.

आता त्या २७.५ विषयी. हा आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच त्याचा अर्धवट वापर अधिक त्रासदायक ठरतो. १९९१ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी जी मर्यादा घालून दिली, ती बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५, अशी होती. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्या लोकांसाठी ती अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली. आपल्यासाठी वेगळा हिशेब का, याचे उत्तर ज्यांना हवे असेल त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे ते गाजलेले छायाचित्र आठवावे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेले दिसले, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा तोच आकडा दाखवतो, पण आपल्याकडे आत, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते आणि मधुमेह कमी वजनावर गाठतो. म्हणूनच जागतिक मापाने बीएमआय २५ च्या पुढे ‘जादा वजन’ म्हटले जात असताना आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो.

गफलत होते ती इथे. लठ्ठपणा ओळखण्याची रेषा वेगळी आणि त्यासाठी पोट उघडण्याची (दुर्बिणीने का होईना) रेषा वेगळी. २०१६ मध्ये मधुमेहतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने आशियाई रुग्णांसाठी २७.५ हा आकडा पुढे आला, तो औषधांनीही आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासाठी होता. पुढे २०२२ मध्ये शल्यचिकित्सकांच्या दोन मोठ्या संघटनांनी आशियाई लोकांत २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे अधिक मोकळेपणाने म्हटले. जाहिरातदार याच वाक्याचा आधार घेतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या वाक्याप्रमाणे मीही पात्रच होते. परंतु पर्याय देणे आणि पर्याय निवडणे यांच्यामध्ये जो विचार व्हायला हवा, तो चार मिनिटांत होत नाही.

तो विचार कसा होतो, हे मी पुण्याला माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या बाबतीत पाहिले आहे. त्यांचा बीएमआय माझ्याइतकाच, २९. मात्र सात वर्षांचा मधुमेह, दोन वेळचे इन्सुलिन, तरी एचबीएवनसी १० च्या खाली येईना आणि पायांना मुंग्या सुरू झालेल्या. त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांनी आधी सहा महिने औषधे बदलून पाहिली, स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन तयार करते हे तपासण्यासाठी सी-पेप्टाइडची चाचणी केली, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवले आणि मग बायपास (हृदयाचा नव्हे; जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया) सुचवला. आज त्यांचे इन्सुलिन बंद आहे, एक गोळी उरली आहे आणि एचबीएवनसी ६.४ आहे. बायपासनंतर साखरेत जो फरक पडतो तो केवळ वजन उतरल्यामुळे नसतो. अन्न लहान आतड्याच्या शेवटाकडच्या भागात लवकर पोहोचल्याने आतड्यातील संप्रेरके बदलतात आणि साखर कित्येकदा वजनाच्या आधीच खाली येऊ लागते. त्यांच्यासाठी तो निर्णय योग्य होता आणि तो लवकर घेतला असता तर बरे झाले असते, असे त्या स्वतः म्हणतात.

पण त्याच जाऊबाईंच्या पानातले मी पाहिले आहे. गौरीच्या जेवणाला त्या आल्या तेव्हा त्यांच्यापुढे ताट नव्हते, स्टीलची एक वाटी आणि चमचा होता. आधी पनीरचे दोन तुकडे, मग वरण, मग जागा उरली तर चतकोर पोळी. प्रत्येक घास इतका चावायचा की शेजारचे हात धुऊन आले तरी यांची वाटी अर्धीच. जेवताना पाणी नाही. पुरणपोळीचा एक घास जास्त झाला तशी पाच मिनिटांत छाती धडधडून त्यांना दरदरून घाम फुटला आणि त्या आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. “अगं, घाबरू नकोस, गोडाने होतं असं. आता हे जन्माचंच आहे,” त्या मला म्हणाल्या. बी-१२ ची इंजेक्शने, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हेही जन्माचे. पहिल्या सहा महिन्यांत केस मूठमूठ गळले, ते पुढे परत आले. बेकाबू मधुमेहाच्या बदल्यात हा सौदा त्यांनी आनंदाने स्वीकारला आहे. मी तो कशाच्या बदल्यात स्वीकारणार होते?

हा प्रश्न मला ज्या दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी विचारायला लावला, ते स्वतः याच शस्त्रक्रिया करतात. बसल्याबसल्या त्यांचा पहिला प्रश्न होता, “रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते का?” होते, गेली पाच वर्षे उशाशी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असते. शिबिरात मला जी ‘स्लीव्ह’ सुचवली होती तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. त्या नळीत दाब वाढतो आणि ज्यांना आधीच आम्ल वर येण्याचा त्रास आहे त्यांचा तो पुष्कळदा बळावतो, इतका की काहींना पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. हे मला शिबिरात कोणी विचारलेही नव्हते. रजोनिवृत्तीच्या तोंडाशी हाडे आधीच झिजू लागलेली असतात, त्यात या शस्त्रक्रियेने हाडांची घनता आणखी घटते, हेही त्यांनीच सांगितले. त्यांनी मला घाबरवले मात्र नाही. अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेत जिवाचा धोका साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास असतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. धोका लहान आहे. प्रश्न पदरात काय पडणार हा आहे.

त्या दिवशी घरी येऊन मी गणित मांडले. मी गणिताची शिक्षिका असून ते आधी मांडले नव्हते, याची आजही लाज वाटते. जाहिरातीत ‘जादा वजनाच्या ७० टक्के घट’ असे लिहिले होते. ही टक्केवारी एकूण वजनाची नसून आदर्श वजनाच्या वरच्या भागाची असते. माझ्या उंचीला बीएमआय २३ प्रमाणे वजन सुमारे ५७ किलो, म्हणजे जादा वजन १५ किलो आणि त्याचे ७० टक्के म्हणजे साडेदहा किलो. सव्वाशे किलोच्या माणसासाठी तीच टक्केवारी चाळीस-पंचेचाळीस किलोंची होते. कमी वजनाच्या रुग्णांत ही टक्केवारी पुष्कळदा याहून चांगलीही दिसते, कारण भाजकच लहान असतो; पण पूर्ण शंभर टक्के धरले तरी माझ्या वाट्याला पंधरा किलो येतात, आणि त्यातले काही पुढच्या वर्षांत परत येण्याची शक्यता असतेच.

विम्याची बाजू तर आणखी चमत्कारिक आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेतील श्वासरोध, बेकाबू मधुमेह यांसारखा गंभीर आजार असेल आणि सौम्य उपाय फसलेले असतील, तरच या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. परिणामी, जाऊबाईंना खरी गरज असूनही मुदत ठेव मोडावी लागली, आणि मला गरज नसताना बिनव्याजी हप्ते हात जोडून उभे होते. २७.५ ते ३५ या पट्ट्यातील रुग्णाचे सगळे पैसे त्याच्याच खिशातून येतात, म्हणून जाहिरातींचा रोखही याच पट्ट्याकडे असतो की काय, अशी शंका मला येते. ती चुकीची असल्यास मला आनंदच होईल.

वजन उतरवण्यासाठी आठवड्याला घ्यावयाच्या इंजेक्शनांचा पर्याय आपल्याकडे २०२५ मध्ये अधिकृतपणे आला. तिर्झेपेटाइड मार्चमध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जूनमध्ये. मधल्या पट्ट्यातील अनेकांना शस्त्रक्रियेआधी हा टप्पा विचारात घेता येईल. औषध थांबवले की वजन बहुतांशी परत चढते, हे मात्र माहीत करून घ्यावे आणि ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून परस्पर इंजेक्शनचे पेन आणू नये, जे आमच्या ओळखीत सर्रास चालते.

मी सध्या त्यातले काहीच घेत नाही. चेन्नईतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये चालणे आणि आहारातील बदल यांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात लक्षणीय घट नसताना, हे त्या शल्यचिकित्सकांनीच मला सांगितले. सकाळी पावणेसहाला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते. रविवारची मिसळ सोडलेली नाही, तिच्यातला दुसरा पाव सोडला आहे. वजन दीड वर्षात ७२ वरून ६७ वर आले आहे. कोणी छायाचित्र छापावे असा हा आकडा नाही.

आपणांस विनंती अशी की, पुरवणीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे छापताना त्या रुग्णाचा आधीचा बीएमआय, त्याला कोणते आजार होते आणि ‘नंतर’चे छायाचित्र शस्त्रक्रियेनंतर किती वर्षांनी काढले, या तीन गोष्टी खाली छापाव्यात. आणि लेखाच्या पानावरच त्याच विषयाची जाहिरात घ्यायची असेल, तर ती जाहिरात आहे हे निदान ठळकपणे लिहावे. आमच्या स्टाफरूममध्ये तिघींपैकी दोघींनी ती लेखाचाच भाग समजून वाचली होती.

माझी पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. साखर वर गेली आणि औषधांना दाद देईनाशी झाली, तर मी स्वतः त्याच शल्यचिकित्सकांकडे परत जाईन, असे त्यांना सांगून आले आहे. माझी फाइल त्यांनी ठेवून घेतली आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, नाशिक
(नाव कळवले आहे, ते छापू नये, ही विनंती.)