सीताफळाच्या बिया आणि डोळे

श्रावण सरता सरता सासवडच्या बाजारात सीताफळाच्या पाट्या उतरू लागतात आणि घरोघरी उवांवरचा जुना उपायही डोकं वर काढतो. बिया वाळवायच्या, कुटायच्या, खोबरेल तेलात कालवून पोरीच्या केसांना चोळायच्या. उवा मरतात, यात खोटं काही नाही. सीताफळ, रामफळ, मामफळ ही ‘अ‍ॅनोना’ या एकाच प्रजातीतली भावंडं; त्यांच्या बियांत कीटकांना मारणारी अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. शेळीसुद्धा या पाल्याला सहसा तोंड लावत नाही!

पण हीच पूड नहाताना डोळ्यात उतरली तर बुबुळावरचा पातळ थर सोलवटतो. डोळा लालबुंद होतो, उजेड सोसत नाही, पाणी खळत नाही. असे रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनीही नोंदवले आहेत. आमच्या शेजारची मुलगी ऐन सहामाहीत डोळ्याला पट्टी बांधून बसली होती. पूड गेलीच तर डोळा चोळू नये, गुलाबपाण्याचे प्रयोग करू नयेत. स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टर गाठावा. ‘घरगुती उपाय’ म्हणून मोबाइलवर हे पुढे ढकलणाऱ्यांनी निदान एवढी सूचना तरी सोबत जोडावी.

– एक वाचक, पुरंदर