सोप्याच्या भिंतींबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहिते. घराच्या पुढच्या सोप्याचं सगळं सिमेंट काढलं. चारी भिंतींचं, पार आढ्यापर्यंत. दादानं तुम्हाला "थोडं खरवडतायत" एवढंच सांगितलंय, पण ते तेवढंच नाही.

बाबा, ते प्लॅस्टर तुम्ही पगारातनं पैसे बाजूला टाकून करून घेतलं होतं, ठाऊक आहे मला. तेव्हा कोल्हापुरात, आपल्या शुक्रवार पेठेत घरोघरी तेच चाललं होतं, सगळे त्यालाच पक्कं म्हणायचे. पण आपल्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या. जोत्यातनं ओल वर चढते आणि वर सिमेंट असलं की तिला बाहेर पडायला वाटच नसते. त्यात २०१९ आणि २०२१ चा पूर. छिन्नी लावली तसा परातीएवढा पोपडा सुटून आला. मागं नुसता लोणा, पिठीसाखरेसारखा पांढरा, आणि वीट नखानं उकरली जात होती. वरनं ऑइलपेंट देऊन हे आणखी किती वर्षं झाकायचं? आईचा पावसाळ्यातला खोकला मी इतकी वर्षं ऐकतेय, या ओलीनं तो वाढतच असणार.

आता चुन्याचा गिलावा चाललाय. गवंडी मामा जुने, जाणते आहेत. मला यातलं काही कळत नाही हे त्यांनी लगेच ओळखलं, पण विचारलं की सांगतात. चुन्यात गुळाचं पाणी घालतात, आणि गुळाला आपल्याकडं काय तोटा! चुना हवा खात सावकाश घट्ट होतो, त्याला सिमेंटची घाई चालत नाही. म्हणून गौरीपर्यंत तुम्ही दादाकडंच राहायचं. तोवर नदीचे दिवसही सरतात.

दुसरं म्हणजे, तुमची झोपायची खोली माडीवरनं खाली आणलीय, देवघराशेजारी. रागावू नका. तो जिना आपल्यालाच अंगावर येतो, बाबांच्या गुडघ्यांना तर बघायलाच नको. माडी पाडलेली नाही, पाडणारही नाही. पावसात तिथं झोपायचो, मी "बाबा, इथं गळतंय" म्हटलं की तुम्ही काठीनं आतनंच कौल सरकवायचा आणि मी पातेली मांडायची, ते मी कशी विसरेन? कुजलेले वासे-रिपा बदलून मृगाच्या आत कौलं शाकारून होतील. फुटलेली तेवढी नवी, बाकी आपलीच.

आई, तुझा तांब्याचा बंब कुठंही गेलेला नाही, कल्हईवाल्याला दाखवते. पण आंघोळीला गीझर लावलाय आणि तो तू वापरायचास. संडासात कमोड आणि धरायला दांडा. फरशी खडबडीत घेतलीय, गुळगुळीत पॉलिशची नको म्हणून दुकानदाराशी हुज्जत घातली. पाटावरवंटा होता तिथंच आहे, चुलीचा ओटाही.

बाबांचा प्रश्न मला आधीच माहितीये: खाली झोपायचं आणि पाणी आलं तर? विजेचे बोर्ड २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घेतलेत. कपाटं भिंतीत नाहीत, उचलून माडीवर नेता येतील अशी. पुढच्या वर्षापासनं मात्र राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं, की इशारा म्हणायचा आणि पिशवी उचलायची. ४३ ची, धोक्याची वाट बघत कट्ट्यावर बसायचं नाही, आणि "आमच्या दारात कधी येतंय" हे तर मुळीच बोलायचं नाही. २०१९ ला नदी ५५ च्या वर गेली होती, आणि कुणी कुणाला खांद्यावरनं काढलं ते मी इथं लिहीत नाही.

तिकडं बाबांच्या गोळ्या दादाच्या भरवशावर सोडू नका. आई, तू डबीत भरून दे. संध्याकाळी खाली चालून या, पण रस्ता ओलांडून नाही.

सुतार माजघरातलं मोठं कपाट हलवायला थांबलाय. किल्ली दोन्ही पितळी डब्यांत नाही. नक्की कुठं ठेवलीय ते आजच कळवा.

तुमची,
धाकटी