गळाला काय लावतेस, त्याचं उत्तर

ट्रॉम्सो, नॉर्वे
ऑगस्ट

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही, मग मासा लागतो कसा? तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून सविस्तर लिहिते. श्रावणात आपल्याकडे मासे शिजत नाहीत, तरी पत्र माशांचंच आहे.

तुमच्या गळाला शिशाचा तुकडा असायचा. त्याच्या वजनानं दोरा लांब जायचा. इथं टोकाला असते पिसं आणि दोरा बारीक आकड्यावर गुंडाळून केलेली खोटी माशी. या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. तिला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे ती नुसती फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. ती जाड दोरी काठीच्या झोक्यानं आधी हवेत मागं पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग पुढं सोडायची. तिच्यापुढं निमुळता होत गेलेला पारदर्शक दोरा आणि शेवटी माशी, पाण्यावर अलगद टेकणारी. दोरी मागं सरळ व्हायच्या आत हात पुढं आला की सगळा गुंता पायाशी.

तळी डोंगरात, रस्त्यापासून लांब. बर्चची झाडं संपतात, मग नुसतं खडक आणि शेवाळ, आणि त्या पलीकडे पाणी. जून सरला तरी काही तळ्यांवर बर्फ असतो. मासे दोन जातींचे, ट्राउट आणि ‘आर्क्टिक चार’ (char). या दुसऱ्याला इथं रोये म्हणतात. ट्राउटच्या अंगावर गडद ठिपके, रोयेच्या गडद अंगावर फिके ठिपके. आणि रोयेच्या खालच्या परांची पुढची कड पांढरी शुभ्र, चुन्याचं बोट ओढल्यासारखी. पाण्यात आधी तीच दिसते. हिमयुग ओसरलं तेव्हा समुद्रातून वर आलेल्या रोये तळ्यांत अडकल्या आणि तिथल्याच झाल्या. गोड्या पाण्यातल्या माशांत रोयेइतका उत्तरेपर्यंत दुसरा कुठलाच मासा पोचत नाही. ट्राउटला अंडी घालायला वाहता ओढा आणि खडी लागते. रोये बहुधा तळ्यातच अंडी घालते.

ट्राउट काठाकाठानं फिरतो, म्हणून मी पाण्यापासून दोन पावलं मागं उभी राहते आणि आधी नुसतं बघते. पाण्यावर वर्तुळ उठलं की माशी त्या वर्तुळात टाकायची नाही, मासा जिकडे निघालाय त्याच्या पुढं टाकायची. वारा पडला आणि चिलटं पाण्यावर आली की रोयेंचा थवा वर येतो. त्या इतक्या हळू घेतात की दोरा जरासा थबकला एवढंच कळतं.

पण मला मुख्य सांगायचं ते टाकवात्न या तळ्याबद्दल. ते ट्रॉम्सोच्या दक्षिणेला आहे, साधारण १५ चौरस किलोमीटरचं. पूर्वी त्यात फक्त ट्राउट होता. तो अतोनात मारला गेला, म्हणून १९३० मध्ये लोकांनी त्यात रोये आणून सोडल्या. त्या इतक्या वाढल्या की पुढं तळं खुरट्या, जंतांनी भरलेल्या माशांचं झालं आणि ट्राउट जवळजवळ दिसेनासा झाला. मग १९८४ ते १९८९ या काळात इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी उलटाच उपाय केला. त्यांनी जाळी लावून रोयेच काढल्या, सुमारे ३१ टन, साडेसहा लाखांहून जास्त मासे. उरलेल्या रोये मोठ्या झाल्या, आणि ट्राउटही परत आला. त्याचं कारण मला फार आवडतं. आधी तळ्यात भरणा होता म्हाताऱ्या, मध्यम आकाराच्या रोयेंचा. त्या ट्राउटच्या तोंडात मावत नव्हत्या. गर्दी हटल्यावर लहान पिल्लं वाढली, ट्राउटला खाणं मिळालं, आणि मोठा झालेला ट्राउट आता रोयेंची गर्दी होऊच देत नाही. पुढं कित्येक वर्षं ते तळं तसंच टिकलं.

म्हणून तळ्यात नुसते मासे किती, यापेक्षा ते केवढे, हे मी आधी विचारते. जिथं रोये बोटभर आणि पुष्कळ, तिथं मी सगळ्या ठेवते. जिथं ट्राउट थोडे आणि मोठे, तिथं एक जेवणापुरता घेते, बाकीचे पाण्यातल्या पाण्यात सोडते. एका तळ्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट आणि जाळी पूर्ण वाळवून घ्यायची, म्हणजे रोग सोबत जात नाहीत. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला तर कायद्यानंच बंदी. इथं डोंगरात कुणीही हिंडावं, तंबू ठोकावा, हा हक्क १९५७ च्या कायद्यानं दिलाय. मासेमारीला मात्र परवाना काढावा लागतो, मुलांना सोडून.

आई, रोयेचं मांस गुलाबी असतं, ती तळ्यातले झिंग्यांसारखे बारीक जीव खाते म्हणून. सावजी मसाला तिला नको, चव बुडून जाते. हळद, मीठ, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून लोण्यात तळते, पुरतं.

बाबा, तुम्ही पोळ्याला साकोलीकडे जाल तेव्हा माझं एक काम करा. भंडारा-गोंदियात ढिवरांनी काही मामा (माजी मालगुजारी) तलावांतली बेशरमीची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले, हे तुम्हीही वाचलं असेल. आपल्या गावच्या तलावात रोहू-कटल्याचं बीज दरवर्षी पडतं. पण मरळ अजून लागते का, आणि लागली तर केवढी, हे तिथल्या ढिवरकाकांना विचारा. त्यांच्या जाळ्याचा डोळा केवढा, तेही विचारा. त्यांच्या लहानपणी कुठले मासे होते त्यांची नावं एका कागदावर लिहून घ्या, आणि फोटो काढून पाठवा. मला ती यादी हवी आहे.

पाऊस कसा आहे? अंबाझरी तलाव भरला का? २०२३ च्या सप्टेंबरात तो ओसंडून नागपुरात पूर आला, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसाला मला तुमचीच काळजी लागते. रात्री जोराचा पाऊस असला तर गाडी वरच्या गल्लीत लावत जा.

तुमची,
सायली