लिफ्टमधली गोळी आणि शेवटचा उंदीर

संपादक महोदय,

टोळीत शिरलेला पोलीस आणि पोलिसांत शिरलेला टोळीचा माणूस. ‘द डिपार्टेड’ (2006) म्हटलं की बेळगाव-निपाणीकडच्या रसिकांत हमखास दोन तक्रारी ऐकू येतात: ‘रक्तपात फार’ आणि ‘शेवट उरकला’.

पहिली पटत नाही. आपल्या मारधाडपटांत गोळीआधी ढोल वाजतो, कॅमेरा हळू होतो, प्रेक्षक सावरून बसतो. इथे लिफ्टचं दार उघडतं आणि खेळ खलास. सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून रक्त जास्त वाटतं. संकलनाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं.

दुसरी तक्रार मात्र रास्त. मूळ हाँगकाँगचा ‘इन्फर्नल अफेअर्स’ (2002) पोलिसांतल्या त्या हस्तकाला जिवंत ठेवतो. जगत राहणं हीच त्याची शिक्षा. बोस्टनमध्ये घडणाऱ्या ‘द डिपार्टेड’ने त्यालाही उडवून हिशेब चुकता केला. शिवाय शेवटी कठड्यावरून फिरणारा तो उंदीर, कारण इंग्रजीत फितुराला ‘रॅट’ म्हणजे उंदीर म्हणतात! प्रेक्षक इतका बाळबोध नसतो.

सीमाभागातल्या चित्रपट मंडळांनी दोन्ही दाखवावेत, पावणेदोन तासांचा हाँगकाँगचा आधी, अडीच तासांचा नंतर. डब केलेली प्रत मात्र आणू नये. बोस्टनच्या बोलीचा ठसका त्यात पार जातो.

– एक चित्रपटप्रेमी, टिळकवाडी, बेळगाव