काकू, चहा घेतला का?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आईचं ऐकण्याचं मशीन सुरू झालं त्याच दिवशी हे लिहायचं होतं. तेव्हा लिहायला बसलं की रडू यायचं. आताही फार फरक पडलेला नाही, पण राहू दे, लिहितेच.

२०२० साली सगळ्यांनी मास्क लावले आणि आमच्या आईचं जग बंद झालं. कानातली यंत्रं निकामी झाल्यापासून ती ओठांवरून ऐकायची. वाणी, भाजीवाली, शेजारच्या वहिनी, सगळ्यांचे ओठ तिला पाठ होते. ते एका आठवड्यात झाकले गेले. दवाखान्यात तर सगळे माझ्याकडेच बघून बोलायचे, "यांना सांगा," "यांना विचारा." ती शेजारीच बसलेली असायची.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही तिला ऐकण्याच्या चाचणीच्या खोलीत बसवलंत, स्वतः काचेपलीकडे गेलात, दार लावलंत. त्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. मग मास्क काढलात आणि सावकाश विचारलंत, "काकू, चहा घेतला का?" एरवी पेशंटने ओठ वाचू नयेत म्हणून चाचणीत तोंड झाकायची तुमची पद्धत. त्या दिवशी आधी तोंड दाखवलंत. आई म्हणाली, "घेतला, पण साखर कमी होती." कित्येक महिन्यांनी ती परक्या माणसाशी स्वतः बोलली, तीही तक्रार! तेव्हाच मला वाटलं, आता हिचं ऑपरेशन होणार.

त्याआधीच्या रुग्णालयाबद्दल थोडं बोलतेच. एप्रिल २०२०ची तारीख रद्द झाली याचा राग नाही. इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र, बसवायला कानामागचं हाड ड्रिलने कोरावं लागतं, त्याचे बारीक कण हवेत उडतात. तो विषाणू नवा होता, धोका डॉक्टरांनाच जास्त होता, हे मला समजतं. पण रद्द झाल्याचं कळवायला त्यांनी फोन केला, तोही आईच्या नंबरवर! ज्या बाईला ऐकू येत नाही म्हणून तारीख दिली होती, तिला! आणि ऑपरेशनं परत सुरू झाल्यावर ऐकवलं, "या वयात कसली घाई?" लहान मुलांना आधी घ्या, हे कुणीही मान्य करेल. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूला भाषा शिकायला पहिली तीन-चार वर्षंच खरी मोलाची. पण आवाजाविना मोठ्या माणसाची नसही सुस्तावते, इम्प्लांटचा फायदा कमी होत जातो. आई बासष्टची होती. ब्याऐंशीची असती तरी काय?

तुम्ही अशी वयाची भांडणं लावली नाहीत. तुमच्या बाकावर पाच पूर्ण होत आलेल्या एका मुलाची आई भेटली होती. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या इम्प्लांटला केंद्राच्या एडिप या मदत योजनेतून पैसे मिळतात ते पाचव्या वर्षापर्यंतच. त्याचं ऑपरेशनही लॉकडाऊनमध्ये अडकलेलं. कोविडने ऑपरेशनं थांबवली, वाढदिवस थोडेच थांबवले! तिच्या कागदांसाठी तुम्ही कुणाकुणाशी फोनवर भांडत होतात ते आम्ही बाहेर बसून बघितलं. आईला त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण तुमचे हातवारे बघून ती म्हणाली, "ही बाई काम करून घेणार."

पुढे आईचं ऑपरेशन झालं, आणि दुसरी लाट आली, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागू लागला, कान-नाक-घशाचे डॉक्टर काळ्या बुरशीच्या पेशंटमध्ये बुडाले. आईचं मॅपिंग, म्हणजे मशीनचे आवाज तिला जुळवून देणं, लांबलं. तिला सगळे आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखे यायचे, चिडून ती मशीन काढून ठेवायची. तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून वारांची नावं, भाज्यांची नावं घोकून घेतलीत. कधी कधी रात्री, घरची कामं उरकून. त्याचे पैसे विचारले तर विषय बदललात.

माणसानं माणसासारखं वागायला पदवी लागत नाही म्हणतात. तुमच्याकडे दोन्ही आहे, आमचं नशीब.

एक आगाऊपणा केलाय. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनाही "आता या वयात कशाला" असं सांगून परत पाठवलंय. त्यांना तुमचा नंबर दिला, तुम्हाला न विचारता. आईच त्यांना घेऊन येणार आहे. त्यांना ओठ वाचता येत नाहीत, ठळक अक्षरात लिहून दाखवावं लागतं. आणि चहा ते बिनसाखरेचाच घेतात.

तुमची,
काकूंची मुलगी