बाई, जे वाचले ते घरी गेले का? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी नगर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे इतिहास शिकवते आहे. यंदा आउश्वित्झ, म्हणजे जिथे नाझी जर्मनीने लाखो ज्यूंना मारले ती छावणी, मुक्त झाल्याची तारीख, २७ जानेवारी १९४५, फळ्यावर लिहिली आणि मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, मग जे वाचले ते घरी गेले का?" तेवढ्यात घंटा झाली. मुलांच्या हाती द्यायला माझ्याजवळ मराठीत चार पानेही नव्हती. म्हणून हे पत्र.

नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० ज्यूंना छावण्यांकडे नेले, परतले जेमतेम पाच हजार. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरांत दुसरेच लोक राहायला आलेले. तरी महापालिकेने घराखालच्या आपल्या जमिनीचे युद्धकाळातले थकलेले भाडे मागितले ते या परतलेल्यांकडेच, वर उशिराचा दंड लावून! माणूस तेव्हा छावणीत होता, हे सांगूनही उपयोग नव्हता. त्यापोटी ज्यू समाजाला एक कोटी युरो देण्याचे पालिकेने ठरवले, तेव्हा २०१६ साल उजाडले होते.

मला सर्वांत जास्त बोचते ती नाझींचा छळ सोसलेल्यांना पश्चिम जर्मनीने देऊ केलेली भरपाई. १९५६च्या कायद्याप्रमाणे, बिघडलेल्या प्रकृतीसाठी पेन्शन हवे असेल तर छळामुळे कमाईची ताकद किमान २५ टक्के घटली, हे डॉक्टरी तपासणीत सिद्ध करावे लागे. रात्री किंचाळत उठणाऱ्या माणसांबद्दल काही डॉक्टर लिहीत, हा आजार जन्मजात प्रकृतीचा आहे. लहानपणी छळ सोसलेल्यांना ऐकावे लागले, "तुम्ही तेव्हा इतके लहान होता, तुम्हाला काय आठवणार?" ज्याचे सगळे घरदार संपले, त्यानेच आपल्या दुःखाची टक्केवारी मांडायची. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ विल्यम नीडरलँड स्वतः जर्मनीतून निसटलेले. अशा अनेकांना तपासून त्यांनी दाखवून दिले की दुःस्वप्ने, सततची धास्ती आणि 'मीच का वाचलो' ही टोचणी हा छळाचाच परिणाम आहे. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही पावाचा तुकडा कपाटात दडवून ठेवणारी माणसे होती. त्यांच्या मुलांनी ते पाहिले, आणि न विचारता गप्प राहायला शिकली.

साहेब, हे आपल्यापासून दूरचे नाही. सप्टेंबर १९३९मध्ये ब्रिटिशांनी मुंबई आणि इतर ठिकाणचे जर्मन 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून पकडले आणि त्यांना आमच्या नगरलाच नजरकैदेत ठेवले. त्यांत नाझी होते आणि नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यूही. चौकशीनंतर बऱ्याच ज्यूंना सोडले. पण ज्यांच्यापासून पळालो त्यांच्याच शेजारी राहायची पाळी आली, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? माझ्या विद्यार्थ्यांना आपल्या शहराबद्दल हे ठाऊकच नाही.

मागणी मोठी नाही. १९४५ नंतर या माणसांचे काय झाले, हे सांगणारी एक छोटी मराठी पुस्तिका बालभारतीकडून शिक्षकांसाठी काढावी आणि तिच्यात नगरचे पान असावे. नगरच्या पानाची जुळवाजुळव मी करीन, सुट्टीत, विनामोबदला.

आपली नम्र,
एक इतिहास शिक्षिका