एडिसन गावातल्या काकूंना, त्या घोंगडीसाठी थँक यू

काकू,

तुम्हाला समोर थँक यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता आणि लगेच पोरीच्या शाळेचं विचारायला लागता, म्हणून म्हटलं यावेळी लिहूनच काढते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण न्यू जर्सीत नवीन आलेल्या आपल्या कितीतरी जणी आहेत, पहिल्यांदा हॅलोवीन, म्हणजे ३१ ऑक्टोबरला पोरं सोंगं घेऊन दारोदार कॅंडी मागतात तो सण, करणाऱ्या, त्यांना पण कळू दे.

२०२४ ला नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, आठवतंय ना? सकाळी लेकीला उटणं लावून आंघोळ घातली, कारीट इथे कुठलं मिळायला, काकडीचा तुकडा अंगठ्याखाली ठेवला, दिवे लावले, आणि संध्याकाळी तीच पोर चेटकीण झाली. काळा जाळीचा फ्रॉक, घोट्यापर्यंत लोळणारा केप, सगळं पॉलिस्टर, ऑनलाइन मागवलेलं, लेबल मी वाचलंच नव्हतं. दिवाळीत फुलबाजी हातात देताना मी तिला सुती फ्रॉक घालते, ओढणी बांधून घेते, बाजूला पाण्याची बादली ठेवते, माझ्या आईने आम्हाला तसंच शिकवलंय. पण हॅलोवीनला हे काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही. तिथे आग आहे हेच मनात नव्हतं, भोपळा म्हणजे आपला सजावटीचा, इतकंच.

सहाच्या सुमारास सूर्य मावळला होता आणि अंधार पडत होता. त्या महिन्यात पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, सगळं कोरडं ठणठणीत, आणि तुमच्या शेजारच्या घराच्या पायऱ्यांवर मक्याची वाळलेली ताटं बांधलेली, गवताचे गठ्ठे रचलेले आणि मध्ये कोरलेला भोपळा, आत खरीखुरी मेणबत्ती. लेक कॅंडी घ्यायला वाकली, मी फोनमध्ये व्हिडिओ काढत होते. केपचं टोक भोपळ्याच्या तोंडावर गेलं. व्हिडिओत ते अजून आहे, आधी एक छोटा नारिंगी ठिपका दिसतो, मग तो सरसर वर चढतो, आणि ती माझ्याकडे पळत सुटते. पळाल्यामुळे वारा लागतो आणि जास्त भडकतं हे मला नंतर कळलं. मी तिथेच उभी राहिले काकू, खरंच सांगते, पाय हललेच नाहीत.

तुम्ही तुमच्या पायरीवर घोंगडी घालून बसला होतात, मांडीवर कॅंडीचा टोप. तो टोप घरंगळत खाली गेल्याचा आवाज आधी आला आणि मग तुमचा, "पळू नकोस! खाली लोळ!" तिला शाळेत स्टॉप, ड्रॉप अँड रोल, म्हणजे थांब, खाली पड आणि लोळ, असं शिकवलेलं होतं पण त्या घाबरलेल्या अवस्थेत इंग्रजीतलं काही आठवलं नसेल, तुमच्या मराठी ओरडण्यावर ती धाडकन लॉनवर पडली. आणि तुम्ही वरून घोंगडी टाकून दोन्ही हातांनी दाबत राहिलात. लोकर सहजासहजी पेटत नाही हे तुम्हाला माहीत होतं, हातात फ्लीसचं, म्हणजे पॉलिस्टरचं मऊ ब्लँकेट असतं तर काय झालं असतं याचा मी विचारच करत नाही.

मग मी टूथपेस्ट आणायला धावले, कारण आमच्याकडे भाजलं की टूथपेस्ट नाहीतर तूप. तुम्ही माझा दंड धरलात, "काही लावायचं नाही, बर्फ पण नाही, नुसतं पाणी." घड्याळ लावून वीस मिनिटं तिची पोटरी नळाच्या साध्या पाण्याखाली धरलीत, मोजा जिथे कातडीला चिकटला होता तिथे ओढू दिला नाहीत, आणि मग गाडी पण तुम्हीच काढलीत, मी चालवायच्या स्थितीतच नव्हते. डॉक्टर म्हणाले लगेच पाणी मिळालं म्हणून वरच्यावर निभावलं. आता रुपयाएवढा फिकट डाग आहे, ती तो मैत्रिणींना दाखवते.

नंतर मी खूप वाचत बसले. ब्रिटनमध्ये २०१४ च्या हॅलोवीनला टीव्हीवरच्या क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीचा ड्रेस असाच भोपळ्यातल्या मेणबत्तीने पेटला होता, त्या स्वतः टीव्हीवर येऊन बोलल्या आणि त्यानंतर तिकडे मुलांच्या अशा कपड्यांच्या नियमांवर बरीच चर्चा झाली. इथे फ्लेम रेझिस्टंट लिहिलेला कॉस्च्यूम मिळतो, तो पेटतच नाही असं नाही, पण लवकर विझतो. मला वाटतं आपण कॅंडीत कोणी विष घातलंय का हेच तपासत बसतो, तसं अनोळखी माणसाने केल्याचं प्रकरण शोधूनही सापडत नाही म्हणतात, आणि खरा धोका म्हणजे आग आणि गाड्या. गाड्यांचं तर आकड्यातच आहे, अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या नोंदी बघितलेल्या अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला, आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त. म्हणून आता पोरीच्या पाठीला आणि पिशवीला चमकणारी टेप लावते, मास्क नाही, तोंड रंगवते, तोही रंग दोन दिवस आधी हातावर लावून बघते.

आमच्या भोपळ्यात बॅटरीचे दिवे असतात. दारात एक हिरवट निळा रंगवलेला भोपळा पण ठेवते, म्हणजे इथे खाऊव्यतिरिक्त पण काहीतरी मिळेल, स्टिकर, पेन्सिल. कोपऱ्यावरच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तो गेल्या वर्षी पहिल्यांदा आमच्या दारात थांबला आणि दोन मूठ स्टिकर घेऊन गेला, त्याच्या आईने मला मिठीच मारली.

काकू, तुमच्या घोंगडीच्या कोपऱ्याला जळल्याचा काळा डाग आहे. मी नवीन आणून देते म्हटलं तर तुम्ही "घोंगडी सोलापूरचीच आहे, हीच राहू दे" म्हणालात. ठीक आहे. पण ३१ ला साडेपाचला मी आणि लेक तुमच्या पायरीवर येतोय, चकल्या घेऊन, आणि कॅंडी यावेळी तीच वाटणार आहे असं तिने मला बजावलंय. घोंगडी बाहेर काढून ठेवा.

तुमची,
समोरच्या घरातली